पाण्याखालचा अंगठा

एफ्रेनदादा,

होडीची किल्ली शोधू नकोस. डायव्हिंगला आलेल्या आजच्या नवशिक्या जोडप्याला मी उथळ खाडीत नेतेय. तिथे पाच मीटरवर वाळू लागते आणि ओढ नसते. कोसुमेल बेटावर येणाऱ्या प्रत्येक नवशिक्याला तू समुद्रातला खोल कडाच दाखवतोस, जिथे प्रवाह माणसाला खाली खेचतो. काल त्या म्हाताऱ्याच्या मास्कमध्ये रक्त भरलं, तरी तो अंगठा वर करत राहिला. तू मात्र वर येऊन हसलास, "गडी जाम खूश होता." पाण्याखाली अंगठा म्हणजे 'वर न्या', हे मला तूच शिकवलंस. हे बोलले म्हणून तू बुडी मारताना कमरेला बांधायचा शिशाचा पट्टा माझ्या तोंडावर हाणलास. दोन दात गेले.

तुझ्या जेवणाचे मक्याचे तमाले झाकून ठेवलेत. होडी दुपारी धक्क्यावर मिळेल, मी मिळणार नाही. नावाखाली वर केलेला अंगठा काढलाय, त्याला 'छान' समजू नकोस.

नायेली