अम्मींच्या खोलीचा वास

२ एप्रिल १९७९, सोमवार

आजऱ्याच्या लोकांचा निरोप आला एकदाचा. 'सध्या लग्नाचा विचार नाही.' वा रे वा! विचार नव्हता तर जानेवारीत सगळी वरात घेऊन काय चहा प्यायला आलता? बाहेर सोप्यात बसले, आतल्या खोलीतून वास आला, तसे एकेकाचे रुमाल नाकाला. भरलेले कप तसेच टाकून गेले. तेव्हाच कळलं होतं मला.

फातिमा माझी नणंद. सव्वीस पूर्ण झाली. दोन स्थळं परत गेली, दोन्ही वासापायी. घरात हे कुणी बोलत नाही, पण कळतंय सगळ्यांना. अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, गेल्या पावसाळ्यात मोरीत घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून अंथरुणात. सगळं जाग्यावरच. पाठीला जखमा झाल्यात. मी पुसते, चादरी उकळते, कपडे बदलते — तरी वास जात नाही. भिंतीत मुरलाय. आणि खोली सोप्याला लागून! मागच्या खोलीत हलवू म्हटलं तर, "मला कोपऱ्यात टाकताय व्हय गं? मी हितंच ऱ्हाणार. दारात कोण येतंय, कोण जातंय, बघत मरीन!"

नबीलाल चाचा संध्याकाळी येऊन गेले. हे ह्यांचे लांबचे चुलते. सोयरिकी जमवण्यात आयुष्य गेलं. मुरगूडचं स्थळ आणलंय. भांड्यांचं दुकान, मुलगा एकदम सरळ म्हणे. पंधरा तारखेला, रविवारी येणार. अट एकच — आधी मुलीच्या आईला भेटणार, मग मुलगी बघणार.

आईला भेटणार! त्या खोलीत!

३ एप्रिल

ह्यांना म्हटलं, काहीतरी करायला पाहिजे. हे म्हणाले, "फिनेल टाक की." झालं! एस्टीच्या वर्कशॉपात जन्म गेला, ह्यांना फिनेल आणि डिझेल सोडून वास ठाऊक नाहीत. फिनेल टाकलं की दवाखान्यात आल्यासारखं वाटतं, माणूस टेकायच्या आधीच उठायला बघतो. उदबत्ती लावून बघितली. उदबत्तीचाही वास येतो आणि तोही येतो. आणखी वाईट.

मी ठरवलंय. आधी घाण मुळातून काढायची, मग खोलीत चांगला वास आणून बसवायचा. आलेला माणूस आपण होऊन बसला पाहिजे तिथं.

फातिमा दुपारी अम्मींना पाणी द्यायला गेली. नाकाला ओढणी, तरी दारातच उमासा आला. तांब्या ठेवला आणि पळाली. नंतर शिलाई मशीनवर डोकं टेकून रडत बसली. "आपल्या आईचाच वास सोसत नाही मला, भाभी. मी कसली लेक?" मी म्हटलं, नाक काय कुणाचं ऐकतंय का? तू तुझं मशीन चालव, मी आहे.

५ एप्रिल

हात मोडून आलेत. जुनी गादी काढली, कापूस तर बघवत नव्हता. नवी भरून आणली. भिंतींना चुना. फरशी सोड्यानं घासली, मग लिंबाच्या साली घालून उकळलेल्या पाण्यानं पुसली. अम्मींना तेवढा वेळ सोप्यात ठेवलं तर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला हाक! "अगं ये की! माझ्या खोलीला रंग लागतोय!"

महाद्वार रोडला हार विकणारी झुंबरबाई माझ्या ओळखीची. संध्याकाळी उरलेले गुलाब, मोगरा तिनं टोपलीभर दिले. वर दवण्याच्या जुड्या — जोतिबाची यात्रा तोंडावर, गावात दवणाच दवणा. "घिऊन जा गं बया, उद्या काय ह्येची भाजी करू?" फुलं गच्चीवर सावलीत पसरलीत. उन्हात वाळवली की नुसता पाला होतो. वाळ्याचा पडदाही मिळाला. खिडकीला लावणार.

हे म्हणाले, "नखरे!" म्हणू देत.

८ एप्रिल, रविवार

जमतंय! जमतंय!

वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारलं, वाऱ्याबरोबर खोलीभर गारवा आणि ओल्या मातीसारखा वास. वाळलेल्या गुलाबपाकळ्या, दवणा, थोडा नागरमोथा, कुटलेली लवंग — मलमलच्या पोटल्या केल्या. एक उशीखाली, एक पलंगाच्या खांबाला, दोन गादीच्या कडेनं. खिडकीत पितळी वाडग्यात ताजा मोगरा. आणि मुख्य म्हणजे कपडा खराब झाला की तिथल्या तिथं बदलायचा. ते चुकवलं तर पोटल्या काय करणार!

शेजारची आक्का आली. इतके महिने उंबऱ्यावरनंच "कसं हाय?" विचारून जायची. आज आत आली, पलंगावर बसली, गप्पा मारल्या. "जरीना, देवघरात आल्यागत वाटतंय गं!" अम्मींची स्वारी खूष. "माझं लग्न लावतीया ही. पोरीचं ऱ्हायलं बाजूला!"

किती दिवसांनी हसल्या. मला रडूच आलं.

१० एप्रिल, मंगळवार

सत्यानाश.

मी बाजारात गेलते. जायच्या आधी नवी पांढरी चादर घातली, वर गुलाबपाणी शिंपडलं. अम्मी झोपलेल्या. मागं आक्का आली. बिचारीनं चांगल्याच मनानं खांबाच्या पोटलीत कापराच्या वड्या घातल्या. डास जातील, ढेकूण जातील म्हणून. तिच्याकडं कापूर म्हणजे आरती. आमच्याकडं कापूर म्हणजे मयत! शेवटच्या आंघोळीच्या पाण्यात कापूर, कफनावर कापूर, वर गुलाबपाणी. आमच्या माणसाला तो वास झोपेतही कळतो.

अम्मींना जाग आली ती त्या वासानं. अंगावर पांढरी चादर. घरात कुणी नाही — फातिमा गच्चीवर. मी गल्लीत पोचले तर ओरडणं ऐकू येतंय, "हाय अजून मी! जीव हाय माझ्यात! कुणी नेऊ नका!" सगळी गल्ली गोळा.

मी पोटली तोडली, चादर ओढून काढली, अम्मींना छातीशी धरलं. त्यांनी मला ढकललं. "तूच. आधी चुना लावलास, मग फुलं आणलीस, आता कापूर. वाट बघतीयास व्हय माझ्या जाण्याची?"

आक्का दारात उभी, तोंड एवढंसं. "देवाला लावायचा कापूर ओ..." म्हणाली आणि रडत गेली.

ह्यांनी घरी येऊन माझ्यावरच तोंड सोडलं. ह्यांच्या आईला मीच मारायला निघालेय जणू! मी पण ऐकवलं — आठ महिने पाठ कोण पुसतंय? बोट तरी लावलंय का तुम्ही? ताट ओढून जेवायला बसले. पण जे लागायचं ते लागलं मला.

११ एप्रिल

जेवल्या नाहीत. भिंतीकडं तोंड. चहा गार होऊन गेला. एकदाच बोलल्या — "रविवारी पावणं येऊ देत. म्हणावं, मयताचं तोंड बघून जावा."

पोटल्या, फुलं, वाडगा, सगळं बाहेर टाकायला लावलं. वास परत येतोय. मला येतोय.

१२ एप्रिल

आजही पोटात काही नाही. चमचाभर पाणी. फातिमा म्हणाली, चाचांना सांगून पावण्यांना नको म्हणू या. तिच्या तोंडाकडं बघवेना.

१३ एप्रिल, शुक्रवार

सकाळी सरळ जाऊन पलंगाजवळ जमिनीवर बसले. डोकं फिरलं होतं माझं, पण आवाज खाली ठेवला. म्हटलं, अम्मी, माझ्या मनात तसं असतं तर मी तुम्हाला आहे त्या वासात ठेवलं असतं, एवढे कष्ट कशाला केले असते? तुम्हाला कुठला वास पाहिजे ते सांगा. तोच आणते.

 मग भिंतीकडं बघतच, "ओवा हाय का घरात? आन बाळंतशेपा?"

"आहे."

"शेगडीत निखारा घाल. त्यावर ओवा टाक, शेपा टाक, लसणाची सालं टाक. फातिमाच्या वक्ताला ही खोली अशीच होती, चाळीस दिवस. बाळंतिणीच्या खोलीत मरायची कुणाची छाती हाय?"

धुरी केली. खोलीभर तो उबदार वास पसरला. अम्मींनी डोळे मिटून छातीभर ओढून घेतला, आणि तोंड माझ्याकडं वळवलं. "भूक लागलीया. आन त्या आक्कीला बोलव. येडी हाय ती, तिला काय ठावं आमचं."

आक्का धावत आली. दोघी एकमेकींचे हात धरून बसल्या. मी खिचडी टाकायला पळाले. भाताला पाणी जास्त झालं, कुणाला कळलं नाही.

१४ एप्रिल

पडदा धुतला. दवणा परत आणला, पोटल्या परत अम्मींना विचारून बांधल्या. "कापूर न्हाय न्हवं?" असं म्हणत त्यांनी प्रत्येक पोटली हुंगून बघितली! उद्या. या अल्ला, उद्या निभावून ने.

१५ एप्रिल, रविवार

आले आणि गेले. 

मुलाचे चुलते, चुलती, लग्न झालेली बहीण. आई आली नाही, प्रवास सोसत नाही म्हणाले. चुलती बाई मोठी करारी. सोप्यात टेकलीच नाही. "आधी आईस्नी भेटू." मी पुढं, ती मागं. माझे कान तिच्या श्वासाकडं. उंबऱ्यात थांबली. मी डोळेच मिटले.

काही नाही! रुमाल नाही, काही नाही! मोठा श्वास घेतला, थेट पलंगावर जाऊन बसली. पडद्याला हात लावून बघितला. चादर उचलून गादी बघितली! उशीखालची पोटली काढून हुंगली. "वाळा, दवणा... आन धुरी ओव्याची?" नंतर एकेक विचारत बसली. अंग कधी पुसता? कपडा किती वेळानं बदलता? पाठीला जखमा हायत म्हणं, त्यांना काय लावता? मला वाटलं, काय बारकाईची बाई आहे!

"कोण करतं हे सगळं?"

"फातिमा," मी म्हटलं. "सगळं फातिमाच करते की! मी आपली चूल बघते."

अम्मींनी माझ्याकडं बघितलं, पण बोलल्या नाहीत. बोलणार काय! पोरगी दाखवायची म्हटलं की घरातलं सगळं चांगलं पोरीच्या नावावर चढतं — चकल्या, भरतकाम, सगळं. मला बघायला आले तेव्हा मामीचा शिरखुर्मा माझ्या नावावर गेला, ह्याच अम्मींनी दोन वाट्या खाल्ला आणि लग्नानंतर माझ्या हातचा खाऊन कपाळाला हात लावला. सगळेच करतात. सगळ्यांना माहीत असतं.

चुलतीनं फातिमाला जवळ घेतलं. तिचे दोन्ही हात हातात धरून उलटसुलट बघितले. चहा संपवला. बशीतलाही!

१७ एप्रिल, मंगळवार

होकार! होकार! होकार!

चाचांचा निरोप आला. पोरगी पसंत. देणंघेणं काही नाही. हे वर्कशॉपातनं पेढे घेऊन आले, मला म्हणाले, "तुझे नखरे कामाला आले." एवढं तरी म्हणाले! आक्कानं गल्लीभर सांगितलं. अम्मींनी मला जवळ बोलावून कपाळावरून बोटं मोडली. फातिमा लाजून मशीनमागं लपली. आज अंगावर मूठभर मांस चढलंय माझ्या.

१९ एप्रिल, गुरुवार

चाचा तारीख ठरवायला आले. पेढा तोंडात टाकता टाकता बोलून गेले. मुलाच्या आईला लकवा झालाय. तीन वर्षं अंथरुणात, सगळं जाग्यावर. थोरल्या दोन्ही सुना कंटाळून वेगळ्या निघाल्या. "म्हणून तर म्हटली चुलती, पोरगी मागनं बघू, आदी आईची खोली बघू. आता निम्म्या मुरगुडात सांगत सुटलीया, लेकीनं आईला कशी ठेवलीया म्हणून!"

मी म्हटलं, तुम्हाला माहीत होतं?

"आदी सांगितलं असतं तर बोलावलं असतंस व्हय?"

 मी काय करून बसले! माझ्या हातानं, माझ्या तोंडानं. वर पेढे वाटले!

फातिमाला सांगितलं. म्हटलं, उद्या पहिल्या गाडीनं मुरगूडला जाते, सगळं खरं सांगते. तिनं मशीन थांबवलं नाही. शिवण संपवली, दोरा तोडला. "सांगू नको, भाभी. ह्यानंतर कोण येणार न्हाय."

अम्मींनी सगळं ऐकलं. 

२१ एप्रिल, शनिवार

उठले तर अम्मींच्या खोलीचं दार उघडं. आत फातिमा. ओढणी कमरेला खोचलेली. अम्मींना कुशीवर वळवून पाठ पुसत होती. फार दाबून पुसत होती, जखमेला लागत होतं. अम्मींनी पलंगाची कड घट्ट धरलेली. मी पुढं झाले तर मला म्हणाली, "तू बाहेर थांब." मग तोंडावर हात धरून मोरीकडं पळाली. पोटातलं सगळं पडलं. चूळ भरली, तोंड पुसलं, आणि परत आत गेली.