बिनवहीचा वेटर

मंगळवार, ३ मे

आज दगा झाला. सहा नंबरच्या टेबलावर सहा माणसं. ऑर्डर नीट ऐकली, मान डोलवली, मांस भाजणाऱ्या तोरिबिओच्या निखाऱ्यांपुढे जाऊन उभा राहिलो — आणि डोकं कोरं. एक अक्षर नाही. तोरिबिओ चिमटा धरून बघतोय. "बोल की बाबा, जाळी तापून लाल झालीय."

ठोकून दिलं. लोमो, म्हणजे मऊ मांसाचे तुकडे: दोन आत लाल, तीन मध्यम, एक पूर्ण भाजलेला.

परत जाऊन "काय म्हणालात?" असं विचारायचं? आमच्या हॉलमध्ये ते कुणी करत नाही. एकेचाळीस वर्षांत मी तर नाहीच.

नशिबाने चार ताटं बरोबर निघाली. उरलेल्या दोघांनी आपापसात बदलून घेतली आणि हसले. मीही हसलो. घाम मात्र मोज्यांपर्यंत पोचला होता.

निल्दाला सांगितलेलं नाही. बायकोला सांगितलं की ते खरं होतं. म्हणून इथे.

बुधवार, ४ मे

सुट्टी. सकाळी माते, आमचा तो कडू हिरवा चहा, पिताना कालची टेबलं आठवून बघितली. नऊपैकी सहा आठवली. पूर्वी महिन्यापूर्वीचीसुद्धा सांगायचो.

शुक्रवार, ६ मे

ओलासाबाल मालक आज बँकेच्या लोकांना घेऊन आले. माझ्या खांद्यावर हात. "बघा, याच्या हातात वही दिसते का? माझ्या आजोबांपासून या हॉलमध्ये वही नाही, पेन्सिल नाही. एव्हारिस्तो चौदा माणसांची ऑर्डर डोक्यात घेऊन जातो."

चौदा. हो, घेऊन जायचो. खिडकीकडे पाठ असलेल्या माणसापासून सुरुवात करायची, घड्याळाच्या काट्यासारखं फिरायचं, प्रत्येकाच्या चेहऱ्यावर त्याचं ताट टांगायचं. मिशीवाला — बरगड्या. मोत्यांचे डूल — लोमो, आत लाल. चेहरा दिसला की ताट दिसायचं. आता चेहरे दिसतात, ताटं दिसत नाहीत.

गेल्या वर्षी सेलेस्तिनोने एकदा खिशातून वही काढली. मालक ओरडले नाहीत, काही नाही. दुसऱ्या दिवशी त्याला वर गच्चीवर पाठवलं, कॉफी आणि सँडविच द्यायला. "ज्याला लिहावं लागतं, त्याला वरचं काम हलकं पडेल," एवढंच म्हणाले. दोन महिन्यांत गेला बिचारा सोडून. मी काय करीन मग? मला दुसरं काय येतं? काळा बो-टाय, पांढरा कोट आणि हा हॉल. हे गेलं की मी म्हणजे बसस्टॉपवरचा एक म्हातारा.

गुरुवार, १२ मे

आज सात नंबर. देव त्यांचं भलं करो. दर गुरुवारी दुपारी एक वाजता चौघं येतात, बावीस वर्षं. वकिली सोडलेले आन्सेल्मोसाहेब, त्यांची बहीण ओफेलियाबाई, आणि ते दोघे दंतवैद्य भाऊ. एके काळी जीव काढायचे — आज गुर्दे, उद्या बरगड्या, माझं थोडं जास्त भाजा, याचं कमी. हल्ली शहाणे झालेत. दर वेळी तेच ते चार पदार्थ, त्याच क्रमाने. वय झालं की माणूस साधा होतो. आठवड्यातलं एवढं एकच टेबल असं, जिथे मी श्वास घेतो.

रविवार, १५ मे

लिहवत नाही, तरी लिहितो.

अकरा नंबर. आजीचा नव्वदावा वाढदिवस, बारा माणसं, तीन पिढ्या. आजीला दात नाहीत. तिच्यासाठी मुलाने मऊ काहीतरी सांगितलं होतं — काय ते अजूनही आठवत नाही. मी तिच्यापुढे बरगड्या ठेवल्या. हाडासकट. वर ऐटीत म्हणालो, "वाढदिवसाच्या शुभेच्छा, सेन्योरा."

ती ताटाकडे बघत बसली. तिला वाटलं असणार, घरच्यांनीच हे मागवलं. मुलाने मालकांना बोलावलं.

"काय झालं, एव्हारिस्तो?"

"गर्दी होती, साहेब."

"गर्दी तर तू आलास तेव्हापासून आहे."

आणि कपडे बदलायच्या खोलीत बाल्दोमेरो. आम्ही एकाच वर्षी लागलो, तो मार्चमध्ये, मी एप्रिलमध्ये, आणि तो एक महिना अजून मिरवतो. आरशात बो सोडत म्हणाला, "काय रे, म्हातारीचे दात तुझ्या खिशात आहेत का?" सगळे हसले. मग जवळ येऊन, "जमत नसेल तर सांग. मी हॉल सांभाळीन. गच्चीवर ऊनही छान येतं म्हणे."

त्याच्या तोंडाला लागलो नाही. लागलो असतो तर रडलो असतो.

मंगळवार, १७ मे

डॉक्टरांकडे जाऊन आलो. निल्दाला सांगितलं, गुडघा दाखवायला जातोय.

डॉक्टर पोरसवदा. चित्रं दाखवली, उलटे आकडे म्हणून घेतले. "तसं भयंकर काही दिसत नाही, काका. वय आहे. कामावर लिहून ठेवत जा, झालं."

झालं म्हणे! मासोळीला सांगायचं, पाण्यात जाऊ नकोस, झालं.

गुरुवार, १९ मे

सात नंबर ठीक. बाकी तीन चुका. झाकली मूठ सव्वा लाखाची — पण किती दिवस?

गुरुवार, २६ मे

काल पंचवीस मे, राष्ट्रीय दिनाची सुट्टी, हॉल तुडुंब, कसाबसा निभावलो. आज वाटलं, गुरुवार आहे, सात नंबर आहे, जरा विसावा.

पाणी घेऊन मागून गेलो. ओफेलियाबाई आन्सेल्मोसाहेबांच्या कानाशी लागल्या होत्या, पण त्यांची कुजबुज चार टेबलं ऐकतील अशी. "अरे, मी काय खाते? लोमो की चिकन?" साहेबांनी नॅपकिनखालून चिठ्ठी सरकवली. हातभर अक्षरांत चार नावं, पुढे चार पदार्थ. कडा मळून गेलेल्या. म्हणजे किती गुरुवार ती खिशात असेल!

धाकटा दंतवैद्य चिठ्ठीकडे बघून पुटपुटला, "पुन्हा कोंबडी. पाच महिने कोंबडी खातोय रे मी."

"गप. तो येतोय," साहेब म्हणाले.

मी आलो. त्यांनी चार पदार्थ सांगितले, सावकाश, शाळेत कविता म्हणतात तसे. मी मान डोलवली.

शुक्रवार, २७ मे

रात्रभर जळतोय. दया करतात माझ्यावर! बावीस वर्षं मी त्यांना जपलं. साहेबांची बायको गेली त्या वर्षी मी त्यांचं मांस आतच कापून आणायचो, हात थरथरायचे म्हणून, आणि कुणाला कळू दिलं नाही. आणि आता ते मला सांभाळतात. गिऱ्हाइकांनी लिहायचं, वेटरला लिहावं लागू नये म्हणून. असं कुठे असतं का?

शेवटी निल्दाला सगळं सांगितलं. ती भांडी घासत होती, थांबली नाही. म्हणाली, "मला जानेवारीपासून माहीत आहे. तू दोनदा मीठ घालतोस." मग हात पुसून समोर बसली. "त्या माणसाला पाच महिने कोंबडी खायला लावलीस? या मांसाच्या शहरात? लाज वाटू दे, पण कशाची ते नीट ठरव."



गुरुवार, २ जून

कोपऱ्यावरच्या दुकानातून वही घेतली. लहान, निळी. कोटाच्या आतल्या खिशात ठेवली तर छातीवर वीट ठेवल्यासारखी वाटत होती.

एक वाजता सात नंबर. साहेबांनी तोंड उघडलं, "आम्हाला नेहमीचंच —"

मी वही काढली. पेन्सिलीचं टोक दोनदा मोडलं असेल. चौघंही वहीकडे बघत राहिले. पलीकडे बाल्दोमेरो हातात बाटली घेऊन तसाच उभा.

"सांगा, साहेब," मी म्हणालो. "आज जे मनात असेल ते. मी लिहून घेतो."

मग धाकट्या दंतवैद्याने घसा खाकरला. "गुर्दे आहेत का आज?"

"आहेत."

"मग गुर्दे. लिंबू जास्त. आणि नंतर बरगड्या. लिही, लिही, बरगड्या लिही."

ओफेलियाबाईंनी मेनू मागवला आणि दहा मिनिटं वाचला. साहेब माझ्याकडे बघत नव्हते. ताटं आली ती चारही बरोबर होती. जाताना त्यांनी माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

शुक्रवार, ३ जून

मालक ओरडले नाहीत. "उद्यापासून वर," म्हणाले. एकेचाळीस वर्षांना दोन शब्द. मी "बरं" म्हणालो. तो एक शब्द.

रविवार, ५ जून

गच्ची. जून म्हणजे आमचा हिवाळा, थंडी मरणाची. कॉफी, सँडविच, दोन ब्राझिलियन पोरी फोटो काढत होत्या. इथपर्यंत मांसाचा वास येतो. तेच सोसवत नाही. निल्दाला म्हणालो, महिन्याभरात सोडतो. ती "बघू" म्हणाली.

मंगळवार, ७ जून

दुपारी दीडला बाल्दोमेरो जिना चढून गच्चीवर आला. धापा टाकत होता, चेहरा पांढराफटक. वाटलं, आला टोमणा मारायला. त्याने मागचं दार लोटलं, कुणी नाही ना बघितलं, आणि हात पुढे केला.

"एक पान फाडून दे. अकरा नंबरला आठ माणसं आहेत."

मी दोन फाडून दिली.