कुणीच ओरडलं नाही

मंगळवार, संध्याकाळ, लातूर

दवाखान्याचे तिन्ही सर्व्हर काल अपग्रेड झाले. एकेक रिकामा करायचा, त्यावरची कामं बाकीच्या दोघांवर हलवायची, मग नवीन सॉफ्टवेअर टाकायचं. सगळं नियमानं केलं. शेवटच्या सर्व्हरवरचं एक जुनं व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सर्व्हरच्या आतच चालणारा वेगळा कॉम्प्युटर, तेवढं हलेना. ते कशाचं, कुणालाच माहीत नाही. त्या सर्व्हरमागून एक पांढरी वायर भिंतीत जायची. मी नांदेडच्या बालाजीला, आमच्या सीनियरला, फोन लावला.

"बंद कर की. ज्याचं असंल ते वरडंल."

बंद केलं. वायरही उपसली. संध्याकाळपर्यंत कुणीच ओरडलं नाही, म्हणून खुशाल घरी आलो.

आज सकाळी रक्तपेढीच्या सिस्टर दारात. "सर, राती फ्रिज बंद पडला. गरम झाला की माझ्या मोबाईलवर घंटी वाजती. राती वाजलीच न्हाई."

ती पांढरी वायर फ्रिजच्या तापमापकापर्यंत जात होती; घंटी त्या जुन्या मशीनवरूनच जायची. ओरडायचं काम ज्याचं, त्यालाच मी बंद केलं होतं.

रक्ताच्या सगळ्या पिशव्या वाया. औशाहून बाळंतपणाला आलेल्या बाईसाठी रक्त बाहेरून मागवलं. ते यायला उशीर झाला. बाई गेली.

मी रक्ताच्या गाडीसाठी फोनवर फोन करायलो होतो, ते तिच्या नवऱ्यानं बघितलेलं. जाताना हात जोडून म्हणाला, "साहेब, लई धावपळ केली तुम्ही आमच्यासाठी."

तोही ओरडला नाही.