अर्धा फेर

प्रिय भिंगरी,

‘प्रिय’ लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. मनात दुसरे शब्द होते, ते कागदावर शोभणार नाहीत. पोस्टमन म्हणाला, आजी, तुम्ही सांगा, मी लिहितो. त्याला सांगितलं असतं तर हे पत्र तुझ्याआधी अख्ख्या गावाने वाचलं असतं. म्हणून दुसरीपर्यंत जे काही डोक्यात शिरलं त्याच्या जोरावर तीन दिवस बसून खरडलंय. नीट वाच.

तुझं पाकीट मिळालं. शहरातल्या कार्यक्रमाचा फोटो बघितला. आपली बारा माणसं, एका रंगाच्या कपड्यांत, दात काढून अर्ध्या वर्तुळात उभी. सुतार तर असा उभा आहे, जणू स्वतःच्याच लग्नाला आलाय. मागे पाटी, ‘आमचा गाव, आमचा फेर’. हा फेर? तुला माहीत नाही असं तरी कसं म्हणू, तू त्या फेरातच चालायला शिकलीस. फेराला ना तोंड, ना शेपूट. तुम्ही तो कलिंगडासारखा चिरून पाहुण्यांपुढे मांडलात. लोकांना दिसायला हवं, म्हणालीस. अगं, फेर काय बघायचा असतो? बघत उभं राहणाऱ्याला आपण दंडाला धरून आत ओढायचो.

उशिरा आलेल्याने समोर दिसतील ते दोन हात सोडवायचे आणि मध्ये शिरायचं. पुढे आलेल्या हाताला नाही म्हणायचं नाही. एवढा एकच नियम. तुझा बाप आणि सुतार नऊ वर्षं बोलत नाहीत. का, तर आपल्या गिरणीचं पीठ उडून त्याच्या ओल्या पॉलिशवर बसतं. रस्त्यात समोरासमोर आले की एकाला हटकून चपलेत खडा सापडतो. पण दोघांची कामं एकाच वेळेला आटपायची, म्हणून दर रविवारी चौकात दोघंही शेवटी यायचे आणि एकाच जागी शिरायचे. तोंडं दोन दिशांना, हात हातात. तासभर. मागे गिरणीचा पट्टा तुटून दाराची चौकट मोडली, तेव्हा सुतार न बोलावता आला, चौकट ठोकली आणि चहाला न थांबता गेला. एक शब्द बोलला नाही. शब्दांवाचून काही अडलंही नाही.

तुझ्या बापाला नाचता येत नाही हे जगजाहीर आहे. सगळ्यांचा पाय चौथ्या ठोक्याला पडतो, त्याचा पाचव्याला. ‘पट्टा घसरला रे!’ म्हणून सगळे ओरडायचे आणि तोही हसायचा. घरात हसताना बघितलायस त्याला कधी? तुझे आजोबा गेल्यापासून ढोल मी वाजवते. जाताना त्यांनी मला एवढंच शिकवलं, की सगळ्यात मागे पडणाऱ्याच्या पायांकडे बघून वाजव. तू तोंडावर म्हणालीस, आजी, तुझी लय सारखी बदलते. बदलणारच! मी पाय बघत होते. कार्यक्रमात तू लावलेल्या त्या पेटीतून वाजणाऱ्या ढोलाला डोळे आहेत का?

आता गावची बातमी ऐक. तुझी बारा रत्नं शाळेच्या खोलीत दार लावून सराव करतात. आणखी कुठलं बोलावणं येणार आहे म्हणे. उरलेली चाळीस घरी बसली. रविवारी चौकात दोन कुत्री असतात, तीही एकमेकांकडे पाठ करून. पंधरा दिवसांपूर्वी वाऱ्याने गिरणीचे पत्रे उडाले. पूर्वी असं काही झालं तर हाक मारावी लागत नसे. या वेळी शिंपीण आली आणि तिचा दमेकरी नवरा, दोघंही तुझ्या बारातली नव्हेत. सुतार आपल्या दारात उभा राहून बघत होता. शिंपीण म्हणाली, अरे, हात लाव की, की हातांना मेंदी लावलीय? तर म्हणे, मला सरावाला उशीर होतोय. मग तुझ्या बापाने जवळजवळ एकट्याने पत्रे उचलले आणि पाठ धरून बसला. पाठ चार दिवसांत सुटली, पण माणूस उठत नाही. भिंतीकडे तोंड करून पडतो. गिरणी बंद आहे, लोक दळण घेऊन शेजारच्या गावी जातात. मी विचारलं, काय झालंय तरी काय तुला? तर म्हणाला, काही नाही गं आई, आपलं आपण राहावं. माझ्या पोटच्या पोराच्या तोंडी हे वाक्य!

तीन दिवस सगळा राग तुझ्यावर काढला. त्यातला मोठा वाटा माझा आहे, तो मला घेऊ दे. तू ओट्यावर वही उघडून बसलीस आणि विचारलंस, आजी, चांगलं कोण नाचतं? हे आपल्याकडे विचारत नाहीत, एवढं मला म्हणता आलं असतं. पण शहरात शिकलेली नात मला विचारतेय, म्हणून मी फुगले. बोट दाखवत सुटले. ही घे, तो घे, सुताराला घे. तुझा बाप दारातच अंगावरचं पीठ झटकत होता. तू पेन्सिल धरून विचारलंस, आणि बाबा? मी म्हणाले, त्याला काय येतंय, त्याला राहू दे. आणि हसले. तो हसला नाही. बारा नावं मी दिली, भिंगरी. तू फक्त लिहून घेतलीस.

तेव्हा हे पत्र भांडायला नाही, बोलवायला आहे. येत्या रविवारी मी ढोल घेऊन चौकात जाणार. तुझ्या बापाला कान धरून नेणार. छपन्न वर्षांचा झाला तरी कान तोच आहे. सुतार आला तर त्याला जागा आहे, नाही आला तर मी सरावाच्या खोलीपर्यंत ऐकू जाईल असं वाजवीन. पण माझे हात ढोलात अडकलेले. तुझ्या बापाच्या एका हाताला शिंपीण आहे. दोघांचा फेर होत नाही, तिघांचा होतो. दुसरा हात तू धर. कॅमेरा आणू नकोस, वही आणू नकोस. आणि त्याचा पाय पाचव्या ठोक्याला पडला, तर तूही पाचव्यालाच टाक. ढोल मी तिथे आणते.

तुझीच,
राग अजून न उतरलेली
आजी