मोटारसायकलची रिळं आणि एल्रॉयकडचे बोल्ट

ती. सौ. व्हर्नाताई यांना आर्डेलचा मनापासून नमस्कार.

तुमचा खोकला थांबला असेल, मर्लिनभाऊजींचा नवा गुडघा रुळला असेल आणि ॲरिझोनात तुम्हाला आता घामही येऊ लागला असेल, असं धरून चालते. इकडे मे उजाडला तरी चर्चच्या मागे बर्फाचा एक काळपट ढीग अजून बसून आहे. त्याला कुणी ऊठ म्हणत नाही, म्हणून तोही उठत नाही. (आपल्या गावाचं सगळं असंच, हे तुम्ही विसरला नसालच.) बाकी देवाची कृपा. तुमच्या दिराची, डेल्मरची, पाठ ऑपरेशननंतर बरी आहे. म्हणजे विचारलं की तो "तशी वाईट नाही" म्हणतो. तुम्ही म्हणाल, हे तो ऑपरेशनच्या आधीही म्हणायचा. खरं आहे.

पत्राचं कारण म्हणजे भाऊजींनी गाव सोडताना डेल्मरला दिलेली मोटारसायकल. तिला साइड स्टँड आहे, डबल स्टँड नाही. चेनला तेल द्यायचं तर मागचं चाक अधांतरी फिरायला हवं, आणि ते अधांतरी ठेवायचं काम ती आल्यापासून माझ्याकडे होतं. मी गाडी साइड स्टँडवर माझ्याकडे कलती करायची, चाक बोटभर उचललं जायचं, आणि डेल्मर जमिनीवर बसून एकेका कडीला तेल लावत मला गव्हाचे भाव सांगायचा. (धान्याच्या कोठारातून निवृत्त होऊन इतके दिवस झाले, भाव अजून सुटलेले नाहीत.) मी तेवढ्या वेळात मनात प्रार्थना म्हणायची, आणि देवापुढे खोटं कशाला बोलू, त्यातली निम्मी लवकर संपू दे अशीच असायची. या हिवाळ्यात माझा खांदा धरला. डॉक्टर म्हणाले, बटाट्याच्या पोत्याहून जड काही धरायचं नाही. आता, ही गाडी कलती धरलेली असताना माझा हात सुटला असता, तर ती थेट खाली बसलेल्या डेल्मरच्या अंगावर. पाठीत स्क्रू बसवलेला माणूस तो! ताई, ते चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. कपडे वाळत घालताना दिसतं, भजन म्हणतानाही दिसतं.

हे मी बोलले नाही, पण त्याच्या लक्षात आलं असावं, कारण मार्चमध्ये त्याने मागचा स्टँड मागवला. म्हणजे एक वाकवलेली नळी, तिला दोन छोटी चाकं. ती मागून सरकवून दांडा खाली दाबला की गाडीची मागची बाजू वर उचलली जाते आणि तशीच राहते. पण तिला गाडीत कुठेतरी पकड हवी. त्यासाठी मागचं चाक ज्या दोन दांड्यांमध्ये बसतं तिथे, दोन्ही बाजूंना एकेक रीळ बसवायचं. अगदी माझ्या शिवणाच्या डब्यातल्या दोऱ्याच्या रिळासारखं दिसतं ते, फक्त ॲल्युमिनियमचं आणि (का कुणास ठाऊक) जांभळ्या रंगाचं. मी विचारलं, लाकडाचा ओंडका नाही का चालणार, शेडमध्ये पडलेत. डेल्मर म्हणाला, "चालेल गं, पण खांदा तुझा आहे." मी तो खर्च वहीत 'औषधपाणी' या सदरात लिहिला.

आता रिळांबरोबर आलेले बोल्ट होते बारीक आणि गाडीची भोकं मोठी. दुसऱ्या कुणी ते परत पाठवले असते. आमच्याकडे परत पाठवणं म्हणजे पाठवणाऱ्याला उगाच त्रास, शिवाय त्या बिचाऱ्यांनी इतकं नीट गुंडाळून पाठवलेलं. मी म्हटलं, निदान फोन तरी कर. त्याने केला. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. पलीकडच्या मुलीने विचारलं असणार, माल कसा वाटला. आमचे साहेब म्हणाले, "तसा वाईट नाही." मग हवापाणी झालं, तिच्या आजीचं गाव आपल्याच बाजूचं निघालं, आणि फोन ठेवल्यावर तो मला सांगतो, फार चांगली मुलगी आहे. बोल्ट? "अगं, तो विषय निघालाच नाही." मग त्याने नळाला गुंडाळायची पांढरी टेप काढली, बोल्टना मलमपट्टी केल्यासारखी गुंडाळली, वर निळा गोंद लावला आणि रिळं पिळून बसवली. गाडी स्टँडवर चढवली. राहिली. त्याने कॉफी पिऊन संपवली तरी राहिली. मी मात्र गॅरेजच्या दारातून आत आले नाही.

आणि मग शेजारचा एल्रॉय आला. एल्रॉय हात खिशात घालून गाडीभोवती फिरला, वाकला, रिळाजवळून डोकावणारी पांढरी टेप पाहिली आणि म्हणाला, "हं. वेगळंच आहे." ताई, तुम्हाला समजवायला नको. आपल्या गावात याहून कडक शब्द मी आयुष्यात एकदा ऐकलाय, तोही धान्याच्या कोठाराला आग लागली तेव्हा. डेल्मरचे कान लाल झाले. एल्रॉय म्हणाला, "माझ्याकडे मोठ्या मापाचे बोल्ट पडलेत बघ. गंजून चाललेत नुसते." डेल्मर म्हणाला, "छे छे, तुला कशाला त्रास." एल्रॉय म्हणाला, "त्रास कसला." डेल्मर म्हणाला, "नको रे, आहे हे ठीक आहे." म्हणजे दोनदा देऊ करून झालं, दोनदा नको म्हणून झालं, सगळं रीतीप्रमाणे. तिसऱ्यांदा त्याने म्हणायचं आणि याने "बरं, तू एवढं म्हणतोस तर" म्हणायचं, एवढंच उरलं होतं. तेवढ्यात एल्रॉयच्या बायकोने, मायर्टलने, कुंपणावरून हाक मारली की हॉटडिश टेबलावर आहे, निवतंय. एल्रॉय गेला!

झालं. आता डेल्मर आपण होऊन बोल्ट मागणार नाही, कारण ते मागणं झालं. एल्रॉय पुन्हा देऊ करणार नाही, कारण दोनदा नको म्हणणाऱ्याकडे दुसऱ्या दिवशी जाणं म्हणजे मागे लागणं. दोघे रोज सकाळी कुंपणाशी उभे राहून गव्हाबद्दल बोलायचे आणि बोल्ट पलीकडच्या शेडमध्ये. मी डेल्मरला म्हटलं, जा की, माग. तो माझ्याकडे असा पाहतो जणू मी त्याला दानपेटी फोडायला सांगितली. शेवटी मीच परसातल्या आंबट रुबार्बच्या देठांच्या वड्या केल्या (साखर बेतानेच घातली) आणि ताट घेऊन मायर्टलकडे गेले. बोलता बोलता म्हटलं, एल्रॉयच्या शेडमध्ये म्हणे काय काय पडलेलं असतं. मायर्टल म्हणाली, "अगं बाई, पडलेलं असतं खरं!" आणि वडी खाल्ली. दोन दिवसांनी ताट परत आलं. रिकामं कसं पाठवणार, म्हणून त्यावर बिटाच्या लोणच्याची बरणी होती. मी बरणीच्या तळापर्यंत पाहिलं, ताई. बीटच होतं.

मग आला तो मोटारसायकलींना आशीर्वाद द्यायचा रविवार. यंदा नव्या पास्टरबाई आहेत, सॉल्व्हेग नाव, वयाने लहान, आवाज मोठा. चर्चचं अंगण बर्फ वितळून नुसतं मऊ झालेलं, साइड स्टँड रुतायला लागले. बाकीच्यांनी स्टँडखाली फळकुटं ठेवली. आमच्या डेल्मरने मला पिकअपमधून तो मागचा स्टँड काढायला लावला. मी म्हटलं, आज नको, देवाच्या दारात नको. तो म्हणाला, "आर्डेल, कॉफी संपेपर्यंत राहिली होती." दांडा दाबला, गाडी वर चढली, लोक पाहायला लागले, आणि एल्रॉय शेजारी उभा राहून जांभळ्या रिळाकडे असा पाहत होता की मला वाटलं आता बोलेल. पण चार लोकांत कसं बोलणार?

पास्टरबाई देवदाराची फांदी पाण्यात बुडवून शिंपडत आमच्यापर्यंत आल्या. त्यांनी प्रार्थना सुरू केली, सगळ्यांनी डोळे मिटले. (मी मिटले नाहीत. देवाने समजून घेतलं असेल.) आणि टक्‌ असा आवाज झाला. डाव्या बाजूचं रीळ, टेप, गोंद, सगळं बाहेर आलं आणि गाडी एल्रॉयच्या बाजूला झुकली. एल्रॉयने ती छातीवर घेतली, डेल्मरने हँडल धरलं, मी चांगला खांदा लावला आणि पास्टरबाईंनी फांदी टाकून सीट धरली. पण बाई धीराच्या हं! प्रार्थना थांबवली नाही. आवाजावरून लोकांनी डोळे उघडले तर पास्टरबाई, मी, एल्रॉय, सगळे गाडीवर हात ठेवून उभे. लोकांना वाटलं, नव्या बाईंची ही नवी रीत असेल. विचारायचं कसं? म्हणून पहिल्या रांगेतले ओलाफसन पुढे आले आणि त्यांनी अदबीने टाकीवर हात ठेवला. मग त्यांची बायको. मग सगळं भजनी मंडळ. गाडीचा इंचही दिसेना. आणि त्या गर्दीत, प्रार्थना चालू असताना, क्लचचा दांडा बरगडीत रुतलेला एल्रॉय हळूच म्हणाला, "मग, डेल्मर, ते बोल्ट आणू का?"

डेल्मर म्हणाला, "तुला त्रास नसेल तर."

आमेन झालं. लोकांनी इतकी छान प्रार्थना कधी झाली नव्हती असं सांगितलं. (म्हणजे "तशी वाईट नव्हती" म्हणाले.) पुढच्या वर्षीही हात ठेवूनच करायची असं पास्टरबाईंना सांगण्यात आलंय आणि त्या काही बोललेल्या नाहीत. एल्रॉयचे बोल्ट बसले, अगदी चपखल. गाडी आता स्टँडवर हलत नाही. चेनला तेल देताना मला कुणी हाक मारत नाही. माझं लोणचं-मुरांब्याचं काम त्यामुळे वेळेवर होतं. सगळं ठीक आहे.

भाऊजींना नमस्कार, तुमच्या नव्या चर्चमधल्या मंडळींनाही.

तुमची धाकटी जाऊ,
आर्डेल

ता. क. – खरं काय ते लिहिते. चेनचं तेल सुटलं, पण आता तो रोज संध्याकाळी ती गाडी घेऊन बाहेर पडतो. चेन इतकी नीट झाली आहे म्हणतो, की राहवत नाही. परत येईपर्यंत मी खिडकीशी बसते. तेच चित्र, फक्त आता गॅरेजऐवजी हमरस्त्यावरचं. भावाने दिलेली वस्तू तो विकणार नाही, मी सांगूनही नाही. पण भाऊजींनीच परत मागितली तर नाही म्हणायची त्याची ताकद नाही. तेव्हा भाऊजींना तेवढं मागायला सांगाल का? नातवाला हवी आहे म्हणा. मी लिहिलं हे कळू देऊ नका.

आणखी ता. क. – पाकीट अजून चिकटवलं नव्हतं म्हणून बरं. वरचं सगळं रद्द समजा, भाऊजींना काही बोलू नका. आज दुपारी तो म्हणाला, "आर्डेल, तू रिकामीच बसलेली असतेस, चल मागे." मी एकदम हो म्हटलं. तो इतका दचकला की त्याच्या हातातली किल्ली पडली. आम्ही नदीच्या पुलापर्यंत जाऊन आलो. पडायचाच असेल तर खिडकीत बसून वाट पाहत कळण्यापेक्षा मागे बसून कळलेलं परवडलं, आणि पाठीमागून मला सांगताही येतं, हळू चालव म्हणून. मात्र वारा हाडांत शिरतो. तेव्हा भाऊजींच्या मागे बसताना तुम्ही घालत होता ते तपकिरी चामड्याचं जाकीट अजून असेल तर साध्या टपालाने पाठवा. तिकडच्या उन्हात तुम्हाला त्याचा काय उपयोग? बाह्या लांब झाल्या तर मी आत घेईन.