एकच पाणी, दोन खिडक्या

अहो,

तुम्ही फिरून याल तोवर मी निघालेली असेन. डबा ओट्यावर आहे, चहा तेवढा आपला आपण करून घ्या.

आईच्या बागेतला पाइप फुटला आणि सगळं पाणी मातीत मुरलं. तरी त्यावर सांडपाण्याचं बिल आलं, म्हणून तिने सवलत मागितली. पालिकेतली तुमची खिडकी म्हणते, पाणी गटारातच गेलं, सवलत नाही. शेजारची खिडकी म्हणते, पावसाळी नाल्यात सोडलंत, दंड भरा. अहो, एकच पाणी दोन्हीकडे जाईल कसं? आणि नकारावर डोळ्यांवर कातडं ओढून सही कुणाची? जावयाची! आई मला एका शब्दाने बोलली नाही. शेजारणीने सांगितलं तेव्हा कळलं.

काल विषय काढला तर म्हणालात, "ऑफिसचं ऑफिसात." बरं. आईला घेऊन तुमच्याच रांगेत उभी राहते. ओळख दाखवू नका, खुर्ची देऊ नका. पाणी नक्की कुठे गेलं, तेवढं सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं सांगा.

तुमचा चष्मा आरशापाशी राहिलाय, तो घालून या. या वेळी वाचून सही करा.