चेहऱ्याचा गिलावा

दि. १ मार्च

ती. अक्का हीस,
धाकट्याचा शि. सा. न. वि. वि.

टक्, टक्, टाक्. आठवतो का तुला हा आवाज? गुरुजींची लाकडी पट्टी टेबलावर पडायची आणि त्या ठेक्यावर आम्ही चाळीस पोरं एका सुरात नदीची कविता म्हणायचो. तू पलीकडच्या वर्गात, मधे नुसती फळ्यांची भिंत. तुला ती कविता आमच्याआधी पाठ झाली आणि घरी आल्यावर तू माझ्याच चुका काढायचीस! पुढे चाळीस वर्षं मी गवंडीकाम केलं, पण भिंतीला गिलावा करताना घोटायचा रंधा फिरायचा तो त्याच ठेक्यावर. मिस्त्रींचा हात फार गुळगुळीत, असं लोक म्हणायचे. हात माझा, पट्टी गुरुजींची.

हे सगळं आज उफाळून यायला कारण आहे. शाळेची जुनी इमारत पाडणार आहेत. त्याआधी रविवारी, चोवीस तारखेला, आमच्या वेळच्या सगळ्या मुलांना बोलावलंय. (मुलं म्हणे! सगळ्यांत लहान मूल सत्तरीचं आहे.) कार्डासोबत एक वेगळी चिठ्ठी होती. पहिल्या बाकावरची मैना आठवते? दोन लांब वेण्या, सगळ्या कविता तोंडपाठ. तिनं माझा पत्ता शाळेतून मिळवला आणि लिहिलंय की तू नक्की ये, नदीची कविता मला तुझ्याच आवाजात ऐकायची आहे. चिठ्ठी अकरा वेळा वाचून झाली. बारावी वेळ हे पत्र टाकून आल्यावर.

भीती एकच आहे, आणि ती तुला आजवर सांगितली नव्हती. पंधरा वर्षांपूर्वी एका सभागृहाच्या कामावर मी परांचीवर उभा होतो. मैना खालून चालली होती. तिनं वर माझ्याकडे सरळ बघितलं आणि मला मामा म्हणून शिडी बाजूला घ्यायला सांगितली. मी घेतली. तोंडावर चुना होता, ओळखणार कशी, अशी मनाची समजूत घातली. आता चुना नाही, पण चेहराच पोपडे धरलेल्या भिंतीसारखा झालाय. अक्का, या वेळी तिनं मला बघताक्षणी ओळखावं, बस्स, एवढंच. तुझी नात ब्यूटी पार्लरमध्ये कामाला आहे ना? तिला काही उपाय विचार. माझ्यासाठी म्हणून सांगू नकोस. एका मित्रासाठी म्हण.

तुझ्या गुडघ्याला शेक देतेस ना?

तुझ्या लोभाचं जुनं गिऱ्हाईक,
धाकटा

दि. ६ मार्च

चि. धाकट्यास,
अक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. नातीला एका मित्रासाठी म्हणून विचारलं. ती म्हणाली, आजोबांना सांग पार्सल पाठवते. तुझं नाव मी घेतलं नव्हतं हो, पण पोरगी हुशार आहे आणि तुला दुसरा मित्र नाही.

मैना चांगलीच आठवते. माझ्या शिलाईच्या दुकानात तिच्या आईचे कपडे शिवायला यायचे. ती आली की तू काजं करायला मदत करतो म्हणायचास, आणि एकदा ब्लाउजचं काज चुकून पाठीवर केलंस. तुझी बायको हयात असती तर हे पत्र वाचून पोट धरून हसली असती आणि स्वतःच्या हातानं तुझ्या तोंडाला लेप फासला असता. तेव्हा लाजू नकोस.

पार्सलमध्ये तीन वस्तू आहेत. एक, मातीचा लेप. पाण्यात कालवून लावायचा, वाळला की धुवायचा. दोन, पाकिटातलं ओलं कापड. त्याला डोळ्यांची आणि तोंडाची भोकं आहेत, ते नुसतं चेहऱ्यावर पसरायचं. तीन, नळीतली जेली. लावून वाळली की सालीसारखी ओढून काढायची. कापडाची दोन पाकिटं होती, त्यातलं एक मी ठेवून घेतलंय. मलाही तोंड आहे.

शहाणपणा न करता पाकिटावर लिहिलंय तसंच कर. तुला मी ओळखते.

आशीर्वाद आहेतच, अक्कल मात्र तुझी तू वापर.
अक्का

दि. ११ मार्च

ती. अक्का हीस,
शि. सा. न. वि. वि.

पार्सल मिळालं. मातीपासून सुरुवात केली, कारण मातीशी आपली जुनी ओळख. पाकिटावरच्या सूचना वाचल्या आणि हसू आलं. लिहिणाऱ्यानं आयुष्यात एक भिंत लिंपलेली नाही.

पहिली गोष्ट, गुळगुळीत पृष्ठभागावर माल धरत नाही. भिंतीला आपण टाचे मारतो, खाचा पाडून ती खडबडीत करतो. गालाला टाचे मारता येत नाहीत, म्हणून तीन दिवस दाढी केली नाही. खुंट छान उभे राहिले. मग तोंड भिजवून घेतलं. माल हातानं चोपडायचा नसतो, फेकून मारायचा असतो, म्हणजे आत हवा राहत नाही. चमच्यानं मारला. निम्मा आरशाला बसला, पण आरशावर काय सुंदर धरलाय! मग लोण्याच्या सुरीनं घोटला. पट्टी लावून सपाटीही बघितली असती, पण नाक मधे येतं.

खरी चूक पुढे झाली. पाकिटावर लिहिलं होतं, पंधरा मिनिटं वाळू द्या. आता तूच सांग, गिलावा असा भसकन वाळू दिला तर तडे जाणार नाहीत? चाळीस वर्षं मी मजुरांच्या मागे लागून भिंतींना पाणी मारून घेतलं. तेव्हा दर पाच मिनिटांनी तोंडावर पाणी शिंपडत गॅलरीत बसलो. चार तास झाले तरी वाळेना. बसल्या बसल्या दोन ओळी सुचल्या:

गाल लिंपले, भाळ लिंपले, लिंपुन झाले नाक,
उरले डोळे दोन बापडे, कुणास देती हाक?

दुसरं कडवं होण्याआधीच खालच्या मजल्यावरचे घड्याळजी वर आले. गॅलरीतून त्यांच्या उघड्या घड्याळांवर चिखलाचं पाणी गळत होतं. मला बघून रागावायला आलेला माणूस दोन पायऱ्या मागे सरकला आणि तब्येतीची चौकशी करून गेला. नंतर मात्र त्यांनी पाणीखात्याला कळवल्याचं ऐकतो.

लेप धुतला. दाढीतला अजून निघतोय. तो सगळा निघाला की नळीतली जेली.

तुझ्या रागाला आणि मायेला सारखाच पात्र,
धाकटा

दि. १५ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र नातीला वाचून दाखवलं. तिनं ते पार्लरमध्ये नेलं आणि तिथे म्हणे एका बाईच्या तोंडावरचा लेप हसून हसून फुटला. अरे, चेहरा आहे तो, पडवी नव्हे!

मी तुला नावं ठेवते, पण माझंही ऐक. ते ओलं कापड उघडलं आणि बघितलं तर काय, कटिंगच चुकलेलं. हनुवटीला दोन बोटं जास्त, नाकाशी झोळ. अशी फिटिंग मी दुकानाबाहेर जाऊ दिली नसती. हनुवटीला दोन चिमट्या घेतल्या, नाकाशी टीप मारली, कानामागे इलॅस्टिक लावलं. असं चपखल बसलं की चेहऱ्यावर आहे हेच विसरले आणि तशीच दूधवाल्याला दार उघडलं. तो पिशव्या टाकून गेला, तो अजून पैसे न्यायला आलेला नाही.

आता कामाचं. जेली दाढीवर आणि भुवयांवर अजिबात लावायची नाही. नातीनं तीनदा बजावलंय. आणि रविवारी तुला जायचंय, हे मी सांगते आहे, विचारत नाही. पांढरा शर्ट घाल, वरचं बटण लाव.

भुवयांचं लक्षात ठेवून असावे,
अक्का

दि. २३ मार्च, शनिवार

ती. अक्का हीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या पत्रातली भुवयांची सूचना फार मोलाची होती. ती तीन दिवस उशिरा पोचली.

जेली मी कपाळावरून खाली ओढून घेतली होती, कोपरा सुटू नये म्हणून. वाळली, चकाकली, वाटलं काय फिनिशिंग आलंय! मग डावीकडून सोलायला घेतली. ओरडलो म्हणे असा की घड्याळजींनी एक स्प्रिंग गमावली. डावी भुवई निम्मी त्या सालीवर बसली आहे. उजवी शाबूत. आरशात बघितलं की वाटतं, एक माणूस दुसऱ्यावर संशय घेतोय.

तेव्हा अक्का, मी उद्या जात नाही. रागावू नकोस. बाकीचं सगळं मी थट्टेवारी नेलं, पण हे नेता येत नाही. तिनं मला मामा म्हटलं त्या दिवशी मी शिडी धरून तसाच उभा होतो, आणि नदीची कविता, जी मला झोपेतही येते, तिची दुसरी ओळ आठवेना. संध्याकाळपर्यंत आठवली नाही. उद्या तिनं भरल्या वर्गात माझ्याकडे बघून पुढे बघितलं, तर उरलेल्या ओळीही जातील. आता माझ्याकडे फार काही नाही गं. त्या ओळी तेवढ्या राहू देत. मागाहून तू तिला दोन शब्द लिही, की धाकट्याला ताप होता.

कातडीची आग शमावी म्हणून उरलेली माती आत्ता तोंडाला लावून बसलोय. या वेळी पाणी मारत नाही, सरळ वाळू देतोय. त्यामुळे ओठ हलवता येत नाहीत, हे पत्र मनातल्या मनात बोलतोय.

थांब. घंटी वाजली.

अक्का, अर्ध्या तासानं पुन्हा लिहितोय.

दारात एक बाई होत्या. आखूड पांढरे केस, जाड भिंगाचा चष्मा, हातात वही. मला वाटलं, घड्याळजींच्या तक्रारीवरून पाणीखात्याच्या आल्या. मी ओठ न हलवता, दातांतल्या दातांत त्यांना सांगितलं की मीटर जिन्याखाली आहे, मावशी, आणि पाणी मारणं मी बंद केलंय.

बाई हलेनात. मी दार लावायला गेलो. तेव्हा त्यांनी मला वर्गातल्या नावानं हाक मारली आणि विचारलं की कविता म्हणताना एका पायावर उभं राहायची सवय अजून गेली नाही का. मी खाली बघितलं. डावा पाय उजव्या पोटरीला घासत होता. अक्का, मला या सवयीची सत्तर वर्षांत खबर नाही!

मैनाच. तिला मी मावशी म्हणालो.

ती एक दिवस आधी मुद्दाम आली. वेण्या कापल्यात, चष्मा लागलाय, उद्या गर्दीत मी तिला ओळखणार नाही आणि सगळ्यांसमोर तिचं हसं होईल, अशी तिला आठवडाभर धास्ती. म्हणून आधी घरी येऊन बघू म्हणाली. आणि मी नेमकं तेच केलं. मी इतका हसलो की लेपाला कपाळापासून हनुवटीपर्यंत उभा तडा गेला, आणि निम्मा गाल पायपुसण्यावर पडला. ती खुर्चीत बसून हसतेय, चष्मा पुसतेय, परत हसतेय. भुवईबद्दल विचारलं. सांगितलं. उद्या आपली काळी पेन्सिल आणीन म्हणाली.

तोंड धुवायला निघालो तर म्हणते, आधी अक्कांचं पत्र पुरं कर, टपाल पाचला जातं. वहीत तिनं नदीची कविता उतरवून आणलीय. तिलाही दुसरी ओळ आठवत नव्हती म्हणे, ती जागा कोरी आहे. मी उभा राहून सांगितली. तापाचं लिहू नकोस. तिचा तुला नमस्कार.

लोभ आहेच, तो जरा वाढवून पाठव. इथे आता घेणारे दोघं आहेत.
धाकटा